संपर्कयादी रोज आपोआप क्लाउडवर कशी न्यावी?

खटपट्या
गूगल कॉन्टॅक्ट्समधली यादी रोज रात्री आपोआप क्लाउडवर जाऊन बसावी, अशी मांडणी करायची आहे. यादी साधारण १८०० नोंदींची, त्यातल्या ३०० जणांना फोटो, निम्मी नावं देवनागरीत. अटी तीन: रोज कुठलं बटण दाबावं लागू नये, ड्राइव्हशिवाय आणखी एका क्लाउडवर प्रत असावी, आणि दोन महिन्यांपूर्वीची यादी होती तशी परत काढता यावी.

दोन वाटा दिसतात. ॲप्स स्क्रिप्टने (गूगलच्याच सर्व्हरवर चालणारा छोटा प्रोग्रॅम) थेट ड्राइव्हमध्ये फाईल टाकायची, किंवा व्हीडिरसिंकरने यादी संगणकावर उतरवून आरक्लोनने वर चढवायची. घोडं पेंड खातंय ते इथे:

१. व्हीसीएफ (व्हीकार्ड, म्हणजे संपर्कांची खास फाईल) ठेवावी की सीएसव्ही (साधा तक्ता)?
२. रोज अख्खी यादी उतरवावी की फक्त बदल?
३. डिलीट झालेल्या नोंदींचं काय करायचं?
४. ॲप्स स्क्रिप्ट जुन्या फाईलवर लिहायचं सोडून रोज त्याच नावाची नवी फाईल का बनवते?

शंकासुर
फोन सिंक करतोच की. मग हा उपद्व्याप कशासाठी?

रात्रपाळी
@शंकासुर, सिंक चुकासुद्धा तितक्याच इमानदारीने पोचवतं. फोनवर नोंद उडाली की काही सेकंदांत सगळीकडून उडते. गूगल कॉन्टॅक्ट्सच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते, आणि 'बदल मागे घ्या' वापरून अख्खी यादीही ३० दिवसांपर्यंतच मागे नेता येते. धागाकर्त्याला दोन महिने मागे जायचंय, म्हणजे हे दोन्ही उपाय बाद. शिवाय एखादं 'डुप्लिकेट जोडा' छापाचं ॲप दोन वेगळ्या माणसांची एक नोंद करून टाकतं, ते तर ट्रॅशमध्येही धड दिसत नाही.

कंसातला
आधी चौथा प्रश्न, कारण तो सोपा आहे. ड्राइव्ह फाईल ओळखतं ते आयडीवरून. नाव म्हणजे नुसती पाटी, आणि एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या पन्नास फाईली सुखाने नांदतात. ड्राइव्हॲपचं 'क्रिएटफाईल' दरवेळी नवा आयडी देणारच. जुन्या फाईलवर लिहायचं तर तिचा आयडी स्क्रिप्ट प्रॉपर्टीजमध्ये जपून ठेवा, 'गेटफाईलबायआयडी'ने फाईल उघडा आणि 'सेटकंटेंट' करा. मजकूर १० एमबीच्या वर गेला की सेटकंटेंट एरर देतं. फोटो आत कोंबले नाहीत तर १८०० नोंदी तिथवर पोचत नाहीत.

पण एकाच फाईलवर लिहीत राहिलात तर जुन्या आवृत्त्यांचा भरवसा नाही. गूगल डॉक्ससारख्या फाईली सोडल्या तर ड्राइव्ह जुन्या आवृत्त्या ३० दिवसांनी किंवा १०० आवृत्त्यांनंतर काढून टाकू शकतं. तुमची अट दोन महिन्यांची आहे. म्हणून तारीखवार वेगळी फाईल करा. नावात वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख घातली की आपोआप ओळीने लागतात.

आता स्क्रिप्ट. नेटवर सापडणारी निम्मी उदाहरणं मेलेली आहेत. जुनी कॉन्टॅक्ट्स एपीआय (प्रोग्रॅमने यादी मागायचं दार) १९ जानेवारी २०२२ ला बंद झाली आणि ॲप्स स्क्रिप्टमधली 'कॉन्टॅक्ट्सॲप' सेवाही गूगलने मोडीत काढलेली आहे. एडिटरच्या डाव्या बाजूला 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन पीपल एपीआय जोडा आणि 'पीपल.कनेक्शन्स.लिस्ट' वापरा. इथे लोक दोन ठिकाणी ठेचकाळतात:

– 'पर्सनफील्ड्स' द्यावंच लागतं. यादीत जे फील्ड लिहाल तेवढंच येतं. नाव, फोन, ईमेल लिहिलं आणि पत्ता, वाढदिवस, टिपा, 'मेंबरशिप्स' (लेबलं) राहिल्या, तर त्या बॅकअपमध्ये नसतील, आणि एररही येणार नाही.
– 'पेजसाइझ' न दिल्यास एका पानात १०० नोंदी, जास्तीत जास्त १०००. 'नेक्स्टपेजटोकन' संपेपर्यंत फिरत राहायचं. बॅकअपमध्ये बरोब्बर १०० नोंदी दिसल्या की समजायचं, लूप लिहायचा राहिला.

एका वेळी स्क्रिप्ट जास्तीत जास्त ६ मिनिटं चालू शकते. १८०० नोंदी म्हणजे दोन पानं, सेकंदांचं काम.

टकळी
वाखू (वाचनखूण) साठवली. वाखूचा बॅकअप कुठे जातो ते कोणीतरी बघा.

बारीकसारीक
कंसातला यांच्याशी बराचसा सहमत, पण एक गोष्ट राहिली. पीपल एपीआय व्हीकार्ड देत नाही, जेसॉन (प्रोग्रॅमना वाचता येईल असा साधा मजकूर) देते. व्हीसीएफ हवी तर ती स्वतः रचावी लागेल, आणि माझ्या मते त्या फंदात पडू नये. स्वल्पविराम, अर्धविराम, बॅकस्लॅश यांच्याआधी बॅकस्लॅश घालायचा. पत्त्यातली नवी ओळ वेगळ्या खुणेने लिहायची. ७५ बाइटांच्या वर ओळ गेली की मोडून पुढची ओळ रिकाम्या जागेने सुरू करायची. यातलं एक जरी चुकलं तरी वाचणारं ॲप तक्रार न करता ती नोंद अर्धवट घेतं.

कार्डडॅव्हमधून (संपर्क सिंक करायची ठरलेली पद्धत) तयार व्हीकार्ड मिळतं, म्हणून माझं मत व्हीडिरसिंकरला. कॉन्फिगमध्ये एक 'पेअर', त्यात एका बाजूला गूगल कॉन्टॅक्ट्स, दुसऱ्या बाजूला 'फाईलसिस्टिम'. आधी 'डिस्कव्हर', मग 'सिंक'. दर नोंदीची स्वतंत्र व्हीसीएफ फाईल तयार होते. तो फोल्डर गिटमध्ये (फाईलींचा दर बदल नोंदवणारं साधन) ठेवला की कुठल्या दिवशी कोणाचा नंबर बदलला ते ओळीनिशी दिसतं. दोन महिने मागे जायचा प्रश्न तिथेच मिटतो.

गूगलच्या बाजूला 'रीड-ओन्ली' चालू करायला विसरू नका. व्हीडिरसिंकर मुळात दुतर्फा आहे. रीड-ओन्ली नसेल आणि फोल्डरमध्ये कोणी साफसफाई केली, तर ती साफसफाई मूळ यादीतही होईल.

शंकासुर
म्हणजे बॅकअपच मूळ यादी खाणार! @रात्रपाळी, माझा प्रश्न मागे घेतला.

दुरुस्तीवाला
व्हीडिरसिंकरचा मार्ग घेतलात तर आठव्या दिवशी तो बंद पडायची शक्यता दाट आहे. कारण असं: त्याला गूगल क्लाउड कन्सोलमध्ये स्वतःचा ओऑथ क्लायंट (परवानगी मागणाऱ्या ॲपचं ओळखपत्र) बनवून द्यावा लागतो. संमतीच्या स्क्रीनची अवस्था 'टेस्टिंग' राहिली तर रिफ्रेश टोकन (परवानगी चालू ठेवणारी चिठ्ठी) ७ दिवसांत मरतं. मग रोज रात्री 'इनव्हॅलिड ग्रँट', आणि माणूस पासवर्ड तपासत बसतो.

उपाय म्हणजे अवस्था 'इन प्रॉडक्शन' करायची. तपासणी न झालेल्या ॲपचा इशारा येतो, पण स्वतःचं ॲप स्वतःच्याच खात्यासाठी असेल तर पुढे जायला हरकत नाही. त्यानंतर टोकन नव्याने घ्या, जुनं आपोआप चिरंजीव होत नाही. आरक्लोनलाही ड्राइव्हसाठी स्वतःचा क्लायंट दिलात तर हाच नियम. ॲप्स स्क्रिप्टच्या ठरलेल्या प्रोजेक्टमध्ये असा क्लायंट बनवावाच लागत नाही. त्या वाटेचा हा खरा फायदा.

काना_मात्रा
निम्मी नावं देवनागरीत आहेत, म्हणून पहिल्या प्रश्नावर जरा सविस्तर.

व्हीकार्डच्या तीन आवृत्त्या फिरत असतात: २.१, ३.० आणि ४.०. बऱ्याच फोनांमधलं 'एक्स्पोर्ट' अजून २.१ देतं आणि त्यात देवनागरी 'कोटेड-प्रिंटेबल'मध्ये जाते. यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) मध्ये देवनागरी अक्षरचिन्ह ३ बाइटांचं. 'अ' म्हणजे ई०, ए४, ८५. कोटेड-प्रिंटेबलमध्ये दर बाइटला बरोबरचं चिन्ह आणि दोन अंक, म्हणजे एका 'अ'साठी ९ चिन्हं. फाईल उघडल्यावर टक्कल पडेल अशी अक्षरं दिसतात, पण ती बिघडलेली नसतात. बिघडतं ते ओळ मोडताना. ७५ व्या बाइटला ओळ मोडायची म्हणून एखादं ॲप तीन बाइटांच्या मधोमध सुरी चालवतं आणि नावाच्या मध्यभागी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उगवतं. ४.० चा नियम सांगतो की एका अक्षराचे बाइट एकत्रच राहिले पाहिजेत. जुनी ॲपं तो पाळतीलच असं नाही. गूगलचं कार्डडॅव्ह ३.० देतं, त्यात कोटेड-प्रिंटेबलची भानगड नाही.

सीएसव्ही फक्त बघण्यासाठी ठेवा. एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडली तर दोन अपघात होतात. फाईलच्या सुरुवातीला बीओएम (यूटीएफ-८ ओळखायची खूण) नसेल तर नावांचा चिखल. आणि फोन नंबरला एक्सेल संख्या समजतं: पुढचं अधिक चिन्ह आणि शून्य गळतात, लांब नंबर 'ई+११' अशा रूपात दिसतो. मग Ctrl-एस दाबलं की तो तसाच जतन होतो. बॅकअप उत्तम होता, तो पाहणाऱ्याने मारला.

टकळी
कंट्रोल तेवढा रोमन राहिला, @काना_मात्रा. शुद्धलेखनाचे गुण कापले.

काना_मात्रा
मान्य. कंट्रोल-एस. :)

बारीकसारीक
देवनागरीचा विषय निघालाच आहे तर एक अवांतर. यादीत 'गोऱ्हे' हे आडनाव दोनदा दिसतं, दोन्ही डोळ्यांना तंतोतंत सारखी, तरी डुप्लिकेट शोधणारी स्क्रिप्ट त्यांना वेगळी समजते. कारण आपला अर्धचंद्री र दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि ह देतात. काही साधा र, हलन्त, मध्ये अदृश्य जोडअक्षर झेडडब्ल्यूजे आणि मग ह. एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर लिहायच्या तऱ्हा एकसारख्या करायची यूनिकोडची रीत) सुटा र अधिक नुक्ता यांचा एकसंध ऱ करतं, पण झेडडब्ल्यूजेवाल्या जोडीला हातही लावत नाही. तेव्हा तुलनेपुरती एक 'किल्ली' तयार करा: आधी एनएफसी, मग 'र, हलन्त, झेडडब्ल्यूजे' जिथे असेल तिथे 'ऱ, हलन्त'. मूळ नाव बदलायचं नाही, फक्त किल्ली.

नंबरांचंही तसंच. तुलनेआधी रिकाम्या जागा, कंस, आडव्या रेषा काढा, देवनागरी अंक असतील तर बदला, आणि ई.१६४ रूपात आणा: अधिक चिन्ह, देशाचा कोड, सगळे मिळून जास्तीत जास्त १५ अंक.

शंकासुर
एका र-साठी एवढं? 'कुलकर्णी' आहे ते बरं आहे.

काना_मात्रा
तिथे रफार आहे, तो निमूट बसतो. वऱ्हाडे, तऱ्हाळे मंडळींना विचारा.

उंटावरचा
इतका खटाटोप कशाला? आयएफटीटीटी, झॅपियरसारख्या तयार सेवा आहेत. कॉन्टॅक्ट्स जोडा, ड्राइव्ह जोडा, झालं. पाच मिनिटं.

कंसातला
@उंटावरचा, तिथले बहुतेक ट्रिगर 'नवी नोंद आली' यावर चालतात. आधीच्या १८०० नोंदी जात नाहीत, नंबर बदलला तर कळत नाही, नोंद उडाली तर मुळीच कळत नाही. शीटमध्ये ओळी वाढत जातात आणि एकाच माणसाचा जुना नंबर तसाच पडून राहतो. नव्या ग्राहकाची नोंद झाली की कळवा, एवढ्यापुरतं झकास. बॅकअप म्हणून नाही.

रात्रपाळी
दुसरा प्रश्न: अख्खी यादी की फक्त बदल? १८०० नोंदींना डोळे मिटून अख्खी.

बदल आणायची सोय आहे. 'सिंकटोकन' मागून ठेवायचं आणि पुढच्या वेळी ते दिलं की तेवढेच बदल येतात. डिलीट झालेल्या नोंदीही येतात, त्यांच्या मेटाडेटात 'डिलीटेड' खरं असतं. पण पूर्ण सिंकनंतर ७ दिवसांनी हे टोकन कालबाह्य होतं, म्हणजे अख्खी यादी आणायचा कोड लिहावा लागतोच. नुकताच केलेला बदल सिंकमध्ये दिसायला काही मिनिटंही लागू शकतात. दोन पानं वाचवण्यासाठी एवढी बांधणी म्हणजे रोगापेक्षा औषध जालीम.

जागेची काळजी असेल तर यादीचा हॅश (मजकुरावरून निघणारा छोटा ठसा) काढा आणि कालच्याशी जुळला तर फाईल चढवू नका. हॅश काढण्याआधी नोंदी 'रिसोर्सनेम'प्रमाणे (नोंदीचा आयडी) क्रमाने लावा आणि वेळ दाखवणारी फील्डं वगळा. व्हीकार्डमध्ये 'रेव्ह' ही ओळ असते, ती नुसती शेवटच्या बदलाची वेळ. ही वगळली नाही तर मजकूर तोच असूनही हॅश बदलतो आणि रोज नवी फाईल चढते.

झरोका
फोटोंबद्दल कोणीच बोललं नाही. गूगलच्या जेसॉनमध्ये फोटो नसतो, फोटोची लिंक असते. नोंद किंवा खातं गेलं की ती लिंक उघडेल याची हमी नाही. म्हणून फोटो वेगळे उतरवून घ्या. ज्या फोटोपुढे 'डिफॉल्ट' खरं आहे तो म्हणजे रंगीत गोलात नावाचं पहिलं अक्षर, तो सोडून द्या. लिंकच्या शेवटी 'एस१००' असलं तर मिळतो तो १०० पिक्सेलचा ठिपका. मोठा हवा तर आकार वाढवून मागा.

व्हीकार्डच्या आत फोटो घालायचा तर तो बेस६४ मध्ये जातो आणि सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. ३०० फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, नोंदीच्या आयडीच्या नावाने. हे जास्त सुटसुटीत.

दुरुस्तीवाला
तिसरा प्रश्न, डिलीट. आरक्लोनमध्ये 'कॉपी' आणि 'सिंक' या दोन आज्ञांमध्ये गफलत करू नका. कॉपी फक्त चढवते. सिंक पलीकडचं सगळं अलीकडच्यासारखं करते, म्हणजे इथे नसलेल्या फाईली तिथून उडवते. तारीखवार फाईलींना कॉपी. व्हीडिरसिंकरच्या फोल्डरला सिंक, पण 'बॅकअप-डिर' देऊन, म्हणजे उडणाऱ्या आणि बदलणाऱ्या फाईली तारखेच्या फोल्डरमध्ये सरकतात. पहिल्यांदा 'ड्राय-रन' लावून काय काय होणार ते वाचा.

त्याआधी एक पहारेकरी बसवा: आजच्या नोंदी कालच्यापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त घटल्या तर काहीही न चढवता थांबायचं आणि ईमेल पाठवायचा. १८०० च्या यादीत एका रात्रीत ९० माणसं सहसा जात नाहीत. व्हीडिरसिंकरमध्ये असा एक पहारेकरी आधीच आहे. एक बाजू पूर्ण रिकामी दिसली तर तो सिंक नाकारतो आणि जबरदस्तीचा पर्याय सुचवतो. तो पर्याय न वाचता चिकटवू नका.

अर्धविराम
आयफोनवाल्यांनी काय करायचं?

बारीकसारीक
@अर्धविराम, व्हीडिरसिंकरच. गूगलऐवजी साधं 'कार्डडॅव्ह' स्टोरेज, पत्ता आयक्लाउडच्या कॉन्टॅक्ट्सचा. नेहमीचा पासवर्ड चालत नाही; ॲपल खात्याच्या पानावरून 'ॲप-स्पेसिफिक पासवर्ड' काढावा लागतो. मुख्य पासवर्ड बदलला की असे सगळे पासवर्ड रद्द होतात. रात्रीचं काम अचानक बंद पडलं तर आधी तिथे बघा.

झरोका
सुरक्षेचंही बोलू. या यादीत स्वतःची माहिती कमी, दुसऱ्यांचीच जास्त. दुसऱ्या क्लाउडवर जाणारी प्रत आरक्लोनच्या 'क्रिप्ट'मधून (चढवण्याआधी फाईलींना कुलूप लावणारा भाग) पाठवा. त्याचा पासवर्ड आणि सॉल्ट (जोडीचा दुसरा पासवर्ड) त्याच क्लाउडवर ठेवू नका, कागदावर लिहा. आरक्लोनच्या कॉन्फिग फाईलमध्ये हे पासवर्ड फक्त झाकलेले असतात, कुलूपबंद नसतात. कॉन्फिगला स्वतःचा पासवर्ड लावता येतो. आणि परवानगी मागताना कॉन्टॅक्ट्सची फक्त वाचण्याची मागा. ज्या स्क्रिप्टला लिहायचंच नाही तिच्या हाती लेखणी कशाला?

खटपट्या
सगळ्यांना दंडवत. आत्तापर्यंतचं ठरलेलं असं: संगणक रात्रभर चालू ठेवायचा नसल्यामुळे ॲप्स स्क्रिप्ट. जेसॉन तारीखवार, फोटो वेगळे, ५ टक्क्यांचा पहारेकरी. दर रविवारी संगणक चालू असेल तेव्हा व्हीडिरसिंकर आणि क्रिप्टसह आरक्लोन, दुसऱ्या क्लाउडवर. दोन शंका उरल्या. ट्रिगर रात्री २ चा लावला तर तो २ लाच चालतो का? आणि बंद पडला तर कळणार कसं?

कंसातला
२ ते ३ च्या दरम्यान कधीतरी. प्रोजेक्टच्या सेटिंगमधला टाइमझोन तपासा, नाहीतर २ भलतीकडचे. ट्रिगर बनवताना एररची सूचना 'रोज' ऐवजी 'लगेच' करा.

पण ती सूचना स्क्रिप्ट चालून पडली तरच येते. ट्रिगरच नाहीसा झाला तर सगळं शांत. म्हणून उलटा गजर लावा: काम नीट झालं की स्क्रिप्टने बाहेरच्या एका पत्त्यावर हाक द्यायची, आणि ठरल्या वेळेत हाक आली नाही तर त्या सेवेने ईमेल पाठवायचा. रविवारच्या कामासाठी क्रॉनऐवजी सिस्टिमडी टायमर (दोन्ही लिनक्सवर ठरल्या वेळी काम चालवणारे) घ्या, 'पर्सिस्टंट' चालू करून. संगणक वेळेला बंद असला तर सुरू झाल्यावर चुकलेलं काम उरकतो.

काना_मात्रा
आणि परत भरून पाहिल्याशिवाय हे पूर्ण झालं म्हणू नका. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही, कारण साध्या नोंदी कायमच नीट येतात. मुद्दाम अवघड नोंदी निवडा: एक ऱ्ह-वालं नाव, तीन नंबरांची नोंद, तीन ओळींचा पत्ता, स्वल्पविराम असलेली टीप, एक लेबल, एक फोटो, आणि वर्ष नसलेला वाढदिवस. वेगळं रिकामं खातं उघडून त्यात आयात करा. गूगल एका वेळी ३००० नोंदी घेतं, तेव्हा तुमच्या एका फाईलीत भागेल. त्याच खात्यात परत भरलंत तर डुप्लिकेटांचा पूर येईल.

लेबलांची गोम अशी की 'मेंबरशिप्स'मध्ये लेबलाचं नाव नसतं, नुसता आयडी असतो. 'कॉन्टॅक्टग्रुप्स.लिस्ट' वेगळं मागवून त्याच जेसॉनमध्ये ठेवा, नाहीतर कोण कुठल्या गटात होतं ते कळेल, गटाचं नाव काय होतं ते नाही.

अर्धविराम
वर्ष नसलेल्या वाढदिवसात काय अवघड आहे?

काना_मात्रा
व्हीकार्ड ३.० मध्ये वर्ष गाळायची सोय नाही, ती ४.० मध्ये आली. ॲपल यावर तोडगा म्हणून वर्ष १६०४ लिहितं आणि सोबत 'हे वर्ष दाखवू नका' अशी खूण जोडतं. ती खूण न समजणारं ॲप १६०४ च दाखवतं.

टकळी
म्हणजे चारशेच्या वरचे काका यादीत दिसले तर बॅकअप नीट आहे, फक्त आयफोनवरून आलाय.